चिनी भाषकांना इंग्रजी फ्रेझल व्हर्ब आणि वाक्प्रचार शिकवताना: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

चिनी भाषकांना इंग्रजी शिकवणारी मराठी माणसं सिंगापूरपासून शांघायपर्यंत भेटतात. कोणी ऑनलाइन शिकवणी घेतं, कोणी कंपनीतल्या सहकाऱ्याला मदत करतं, कोणी चीनमध्ये एमबीबीएस करताना वर्गमित्राचं इंग्रजी आणि स्वतःचं चिनी सुधारत असतं. फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि ‘अप’, ‘ऑफ’सारखा छोटा शब्द मिळून वेगळा अर्थ देणारी जोडी, आले की जवळजवळ सगळे एकच करतात. आपण शाळेत पाठ केली तशी यादी समोर ठेवतात: ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक इंटू’ म्हणजे चौकशी करणे, ‘लुक डाऊन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणे. विद्यार्थी ती यादी दोन दिवसांत पाठ करतो, रिकाम्या जागा अचूक भरतो, आणि बोलायला लागला की त्यातलं एकही क्रियापद त्याच्या तोंडून येत नाही.

पाठांतरात तो कच्चा नाहीच. चीनमधल्या परीक्षांनी ते काम आधीच करून ठेवलेलं असतं. अडतं ते क्रम, उच्चार आणि वापराची जागा यांत. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या. विशेषतः वाक्प्रचार आधी घेण्याचा मोह टाळा. ते रंजक असतात, विद्यार्थ्यालाही तेच हवे असतात, पण रोजच्या बोलण्यात अडतं ते फ्रेझल व्हर्बपाशी.

तयारी: पहिल्या तासाच्या आधी

विद्यार्थी मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, बोलतो की दक्षिणेकडची कँटोनीज, हे आधी विचारा. हाँगकाँग किंवा क्वांगचौकडचा माणूस आणि पेइचिंगचा माणूस यांच्या उच्चाराच्या अडचणी वेगळ्या असतात. त्याला इंग्रजी कशासाठी हवं आहे, परीक्षेसाठी, ईमेलसाठी की बैठकीत बोलण्यासाठी, हेही विचारून घ्या. पाचव्या पायरीत त्याचा उपयोग होईल.

साधनांची अडचण अगदी व्यवहारी आहे आणि नवे शिक्षक हमखास तिथेच अडकतात. गुगल डॉक्स, यूट्यूब, व्हॉट्सअॅप ही चीनच्या मुख्य भूमीवर साध्या जोडणीवर उघडत नाहीत, आणि चिनी लोकांचं नेहमीचं संदेश-अॅप वीचॅट भारतात जून २०२० पासून बंद आहे. त्यामुळे धड्याची फाइल ईमेलला जोडून पाठवा, ध्वनिमुद्रणही तसंच. वेळेचं गणित सोपं आहे: संपूर्ण चीनमध्ये एकच प्रमाणवेळ चालते आणि ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. शाळकरी मुलांना भारतात बसून शिकवण्याचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा की जुलै २०२१ च्या धोरणानंतर चीनमधल्या शिकवणी कंपन्यांना परदेशात बसलेले परदेशी शिक्षक नेमायला मनाई आहे. म्हणून हा लेख प्रौढ विद्यार्थ्यांना धरून लिहिला आहे.

शब्दकोश विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजीच घ्या. ऑक्सफर्ड आणि लाँगमनच्या अशा कोशांत काही फ्रेझल व्हर्बच्या मध्ये दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण छापलेला असतो. कर्म त्या जागी मध्येही येऊ शकतं आणि शेवटीही, असा त्याचा अर्थ. तिसऱ्या पायरीत हा बाण लागेल.

आता स्वतःचं इंग्रजी तपासा. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘कोप अप विथ’ चूक आहे, तिथे फक्त ‘कोप विथ’ हवं. ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘रिटर्न बॅक’ यांतला दुसरा शब्द नको. ‘पास आऊट’ म्हणजे आपल्याकडे पदवी घेऊन बाहेर पडणं, पण लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये त्याचा पहिला अर्थ बेशुद्ध पडणं हा आहे. विद्यार्थी तुमचं वाक्य जसंच्या तसं उचलणार आहे, तेव्हा ही साफसफाई आधी झाली पाहिजे.

एक सूचना चिनी उच्चारांबद्दल. चीनच्या रोमन लिपीत ‘बी’, ‘डी’, ‘जी’ लिहिलेले आवाज प्रत्यक्षात प, त, क असे आहेत, आणि ‘पी’, ‘टी’, ‘के’ म्हणजे फ, थ, ख. खाली मी देवनागरीत तसेच लिहिले आहेत. मराठी कानाला हा भेद लहानपणापासून कळतो, त्यामुळे चार चिनी शब्द नीट उच्चारणं आपल्याला जमतं. जरूर उच्चारा, विद्यार्थी मोकळा होतो.

पायरी १: विद्यार्थी काय टाळतो ते शोधा

चिनी विद्यार्थ्याच्या निबंधात फ्रेझल व्हर्बच्या चुका फारशा सापडत नाहीत, कारण तो ते वापरतच नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, चिनी भाषकांवरच्या एका अभ्यासात हेच दिसलं: मधल्या पातळीचे विद्यार्थी एकशब्दी क्रियापदाकडे वळतात, आणि अर्थ लाक्षणिक असेल तर अधिकच. ‘पुट अप विथ’ऐवजी ‘टॉलरेट’, ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘कॉल ऑफ’ऐवजी ‘कॅन्सल’. वाक्य बरोबर असतं, म्हणून शिक्षक पुढे जातो. इथेच गाडी चुकते.

पहिल्या तासात त्याला कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सांगायला लावा आणि ते ध्वनिमुद्रित करा. मग ऐकताना दोन याद्या करा. एकीत जड एकशब्दी क्रियापदं, दुसरीत ‘ओपन द लाइट’, ‘क्लोज द टीव्ही’ यांसारखे प्रयोग. चिनी भाषेत दिवा ‘उघडतात’ आणि ‘बंद करतात’, दारासारखाच, त्यामुळे हे दोन प्रयोग चांगलं इंग्रजी येणाऱ्यांच्याही तोंडी असतात. या दोन याद्या म्हणजेच तुमचा अभ्यासक्रम. बाहेरची यादी हवीच असेल तर २०१५ मधली ‘फेव्ह’ यादी घ्या. तिच्यात १५० फ्रेझल व्हर्ब आणि त्यांचे फक्त जास्त वापरातले अर्थ आहेत. दोन-तीन हजार नोंदींची जाड पुस्तकं या टप्प्यावर बाजूला ठेवा.

पायरी २: त्याच्याच भाषेतून पूल बांधा

फ्रेझल व्हर्ब ही इंग्रजीची विचित्र खोड आहे, असं विद्यार्थ्याला कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं. प्रत्यक्षात मँडरिनमध्ये क्रियापदाच्या मागे छोटा शब्द लावून क्रियेचा परिणाम किंवा दिशा दाखवण्याची पद्धत रोजच्या वापरातली आहे. मराठीतही आपण ‘फेकून टाक’, ‘हसू लागला’, ‘बोलत राहा’ म्हणतोच.

‘त्याओ’ने सुरुवात करा, कारण तो आपल्या ‘टाकणे’च्या फार जवळ आहे. ‘रंग-त्याओ’ म्हणजे फेकून टाकणं, इंग्रजीत ‘थ्रो अवे’. ‘छर-त्याओ’ म्हणजे खाऊन टाकणं, ‘ईट अप’. ‘क्वान-त्याओ’ म्हणजे बंद करून टाकणं, ‘टर्न ऑफ’. विद्यार्थ्याला विचारा, तुझ्या ‘त्याओ’चं काम या तीन वाक्यांत कोण करतंय? ‘अवे’, ‘अप’ आणि ‘ऑफ’ ही उत्तरं तो स्वतः शोधतो. त्यानंतर ‘छी-लाय’ घ्या: ‘ना-छी-लाय’ म्हणजे ‘पिक अप’, ‘चान-छी-लाय’ म्हणजे ‘स्टँड अप’. मग ‘शांग’: ‘छ्वान-शांग’ म्हणजे ‘पुट ऑन’. मग ‘छू-लाय’: ‘श्यांग-छू-लाय’ म्हणजे विचार करून काढणं, ‘वर्क आऊट’च्या जवळ.

सावधान: हा पूल आहे, तक्ता नव्हे. ‘श्वो-श्या-छ्यू’ म्हणजे बोलत राहणं, इंग्रजीत ‘गो ऑन’, पण ‘श्या-छ्यू’चा शब्दशः अर्थ खाली जाणं. दिशा जुळत नाही. ‘श्याओ-छी-लाय’ म्हणजे हसू लागणं, पण तिथे इंग्रजीत ‘अप’ येत नाही. आणि ‘गिव्ह अप’साठी चिनीत वेगळंच क्रियापद आहे. चिनी छोट्या शब्दासमोर कायमचा एक इंग्रजी शब्द लिहून देणारा तक्ता केलात तर पुढचे दोन महिने तो पुसण्यात जातील.

पायरी ३: कर्माची जागा पक्की करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. यादी पाठ करणारे विद्यार्थी इथेच पडतात, आणि आपले शिक्षक ही पायरी सर्रास गाळतात.

तीन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा: ‘टर्न ऑफ द लाइट’, ‘टर्न द लाइट ऑफ’, ‘टर्न इट ऑफ’. चौथं ‘टर्न ऑफ इट’ लिहून त्यावर फुली मारा. नियम एवढाच: तुटणाऱ्या जोडीत, म्हणजे जिच्या मध्ये कर्म बसू शकतं तिच्यात, सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं.

मध्ये वस्तू घालणं चिनी माणसाला परकं नाही. मँडरिनमध्ये ‘पा’ लावून कर्म क्रियापदाच्या आधी आणतात: ‘पा तंग क्वान-त्याओ’, म्हणजे दिवा घेऊन बंद करून टाक अशी रचना. परिणाम दाखवणारा शब्द शेवटी आणि वस्तू त्याच्या आधी. ‘टर्न द लाइट ऑफ’ त्याला याच्या आधाराने समजवा. म्हणून मी आधी कर्म मध्ये असलेलं रूप शिकवते आणि कर्म शेवटी असलेलं रूप नंतर. पाठ्यपुस्तकांत उलटा क्रम असतो, पण या विद्यार्थ्यांसाठी हाच सोपा जातो.

त्यानंतर न तुटणाऱ्या जोड्या: ‘लुक आफ्टर हर’, ‘रन इंटू हिम’. शेवटी तीन शब्दांच्या: ‘पुट अप विथ इट’, ‘लुक फॉरवर्ड टू इट’. शब्दकोशातला बाण इथे दाखवा. तुटणाऱ्या जोडीत बाण असतो, न तुटणाऱ्या जोडीत नसतो.

इथे तीन चुका हमखास होतात.

पहिली, कर्म गळतं. कशाबद्दल बोलतोय ते स्पष्ट असेल तर चिनीत कर्म सांगत नाहीत. ‘दिवा बंद केला का?’ ‘हो, आय टर्न्ड ऑफ.’ मराठीतही आपण ‘हो, बंद केला’ म्हणून मोकळे होतो, म्हणून मराठी शिक्षकाच्या कानाला ही चूक खटकत नाही. मुद्दाम कान देऊन ऐका.

दुसरी, काळ. चिनीत क्रियापदाचं रूप बदलत नाही, आणि क्रिया झाली हे सांगणारा ‘ल’ पूर्ण जोडीच्या नंतर येतो. त्यामुळे विद्यार्थी जोडीला अख्खा ठोकळा समजतो आणि ‘यस्टरडे आय टर्न ऑफ इट’ असं बोलतो. भूतकाळाची खूण पहिल्या शब्दाला लागते, दुसरा शब्द कधीच हलत नाही, हे सराव करून घ्या.

तिसरी, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ यांची सरमिसळ. तिन्हींसाठी मँडरिनचा उच्चार एकच, ‘था’. सर्वनामाचा सराव चालू असतानाच ही चूक वर येते. ती दुरुस्त करा, पण त्यासाठी जोडीचा सराव थांबवू नका.

तपासणी: टेबलावर पेन, टोपी, मोबाइल आणि कागद ठेवायला सांगा. तुम्ही वस्तूचं नाव घेऊन आज्ञा द्या, त्याने ती कृती करत सर्वनाम घालून वाक्य म्हणायचं: ‘आय अॅम पिकिंग इट अप’, ‘आय अॅम पुटिंग इट ऑन’. विचार करायला न थांबता वाक्य येत असेल तरच पुढे जा.

पायरी ४: आघात आणि जोडून उच्चार

‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘लुक अॅट इट’मध्ये तो ‘लुक’वर पडतो. ऐकणारा जोडी ओळखतो ती बऱ्याचदा या जोरावरून. मराठीत आपण शब्दांना साधारण सारखं वजन देतो, म्हणून ही पायरी शिकवण्याआधी एखाद्या चांगल्या ध्वनिमुद्रणाबरोबर स्वतः म्हणून पाहा. ऑफिसमधलं एक उदाहरण लगेच पटतं: ‘फाइल बॅक अप कर’ म्हणताना जोर ‘अप’वर, पण ‘बॅकअप घेतला’ म्हणताना नाम झालं आणि जोर ‘बॅक’वर आला.

मँडरिनमध्ये अक्षर स्वराने किंवा अनुनासिकाने संपतं. शेवटी प, ट, क येत नाही. त्यामुळे ‘पिक इट अप’मधली तिन्ही टोकं एक तर गळतात, किंवा प्रत्येकाला मागे एक ‘अ’ चिकटतो. उपाय असा: व्यंजन पुढच्या शब्दाला जोडून लिहून द्या, ‘पि-कि-टप’. अक्षराच्या सुरुवातीला व्यंजन त्याला व्यवस्थित येतं. कँटोनीज भाषकाच्या भाषेत शेवटी प, ट, क असतात, पण ते ओठातच थांबतात, बाहेर फुटत नाहीत. त्याला एवढंच सांगा की पुढे स्वर असेल तर आवाज मोकळा सोड.

पायरी ५: एका वेळी एक अर्थ, आणि वापराची जागा

‘गेट’च्या सगळ्या जोड्या एका दिवशी घेऊ नका. ‘गेट अप’, ‘गेट ऑन’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट अराउंड’ एकत्र पाठ केल्या की त्या एकमेकींत मिसळतात आणि नंतर सुटत नाहीत. प्रसंगाप्रमाणे गट करा: विमानतळ, भाड्याचं घर, बैठक, आजारपण. बैठकीच्या गटात ‘पुट ऑफ’, ‘ब्रिंग अप’, ‘गो ओव्हर’, ‘रॅप अप’ सुखाने एकत्र नांदतात, कारण त्यांची क्रियापदं वेगवेगळी आहेत.

एका जोडीचे दोन अर्थ असतील तर त्या दोन वेगळ्या नोंदी धरा. ‘टेक ऑफ’ कपड्यांसाठी आणि विमानासाठी: चिनीत या दोन क्रियांना दोन निराळी क्रियापदं आहेत, आणि रचनाही वेगळी, कारण विमानाच्या अर्थाला कर्म लागत नाही. पहिला अर्थ तोंडात बसल्यावर दुसरा घ्या.

वहीतली नोंद कशी असावी यावर मी आग्रही आहे. एकशब्दी चिनी अर्थ लिहू द्यायचा नाही. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आयुष्यातलं एक पूर्ण वाक्य, कर्मासहित, आणि खाली तेच वाक्य सर्वनाम घालून. शेजारी एक खूण: बोलण्यात चालेल, ईमेलमध्ये चालेल, की दोन्हीकडे. ‘पोस्टपोन’ त्याला येतंच, ते काढून टाकायचं नाही. करारपत्रात ‘पोस्टपोन’, सहकाऱ्याशी बोलताना ‘पुट ऑफ’. परीक्षेतल्या निबंधासाठी शिकणाऱ्याला हे जास्त बजावून सांगावं लागतं.

पायरी ६: आता वाक्प्रचार

चिनी माणूस ‘छंग-यू’ शिकत मोठा होतो. हे बहुतेक चार अक्षरांचे ठाशीव प्रयोग, कित्येकांमागे जुनी गोष्ट, आणि लेखनात ते योग्य जागी आले की लिहिणारा सुशिक्षित ठरतो. तो इंग्रजी वाक्प्रचारही त्याच हेतूने निबंधात पेरतो. इंग्रजीत मात्र औपचारिक लेखन जितकं गंभीर तितके वाक्प्रचार कमी. म्हणून सुरुवातीलाच ठरवून द्या: फ्रेझल व्हर्ब वापरण्यासाठी शिकायचे, वाक्प्रचार आधी ऐकून समजण्यासाठी.

समोर येणारा प्रत्येक वाक्प्रचार तीन ढिगांपैकी एकात टाकायला सांगा.

पहिल्या ढिगात प्रतिमा आणि अर्थ दोन्ही जुळतात. आगीत तेल ओतणं, लोखंड तापलंय तोवर घाव घालणं. कागदी वाघ तर चिनीतूनच इंग्रजीत गेला. यावर वेळ घालवू नका.

दुसऱ्या ढिगात अर्थ जुळतो, प्रतिमा वेगळी असते. बढाई मारणं चिनीत ‘छ्वेय-न्यू’, म्हणजे बैल फुंकणं. ‘त्वेय न्यू थान छिन’ म्हणजे गाईबैलापुढे वीणा वाजवणं. आपली ‘गाढवापुढे वाचली गीता’ सांगितलीत तर विद्यार्थी हसतो आणि त्याला मुद्दा कळतो: प्रतिमा उचलून नेता येत नाही, अर्थ न्यावा लागतो.

तिसरा ढीग धोक्याचा, इथे प्रतिमा जुळते आणि अर्थ जुळत नाही. शब्द गिळणं, म्हणजे ‘शर-यान’, चिनीत दिलेला शब्द मोडणं. इंग्रजीत ‘ईट युअर वर्ड्स’ म्हणजे आपण बोललो ते चुकीचं होतं हे मान्य करावं लागणं. पातळ बर्फावर चालणं चिनीत अतिशय जपून वागणं, इंग्रजीत स्वतःहून धोका ओढवून घेणं. आणि पाय ओढणं: चिनी ‘थ्वो हौ-थ्वेय’ म्हणजे एखाद्याच्या प्रगतीत अडथळा आणणं, बरोबर आपल्यासारखंच. इंग्रजीत ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे नुसती थट्टा. इथे शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही एकाच खड्ड्याच्या काठावर उभे असतात, तेव्हा दोघांनीही शब्दकोश उघडा.

सावधान: ‘छंग-यू’चं रूप बदलत नाही, म्हणून विद्यार्थी इंग्रजी वाक्प्रचारही गोठलेला वापरतो. कोशात ‘चेंज वन्स माइंड’ छापलेलं असतं आणि तो ‘आय चेंज्ड वन्स माइंड’ म्हणतो. ‘वन्स’ दिसला की तिथे ‘माय’, ‘हिज’, ‘देअर’ घालून तीन वाक्यं करायची सवय लावा.

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ त्याने शाळेत शिकलेलं असतं आणि त्याला ते फार आवडतं. प्रत्यक्ष बोलण्यात ते आता जुनाट वाटतं, ‘इट्स पोअरिंग’ द्या. ‘अॅड ऑइल’ हा चिनी ‘च्या-यो’चा, म्हणजे हुरूप देण्याच्या आरोळीचा, शब्दशः अवतार. २०१८ मध्ये तो ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात गेला, म्हणून तो कुठेही चालेल असं विद्यार्थ्याला वाटतं. हाँगकाँगमध्ये तो समजतो, मँचेस्टरमधल्या ग्राहकाला समजेलच असं नाही.

पायरी ७: उजळणी आणि खरी परीक्षा

रिकाम्या जागा भरायला देऊ नका. बहुपर्यायी परीक्षांवर वाढलेला विद्यार्थी नको ते पर्याय गाळत उत्तर काढतो आणि तुम्हाला वाटतं त्याला आलं. ‘समजलं का?’ हेही विचारू नका. शिक्षकाचा मान ठेवून तो ‘हो’ म्हणणार, जसं आपल्याही वर्गांत म्हणतात.

त्याऐवजी गोष्ट परत सांगायला लावा. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, प्रत्येक वेळी प्रसंग थोडा बदलून. पहिल्यांदा ‘मी’ने, नंतर ‘ती’ने, नंतर भूतकाळात. बोलत असताना मध्ये तोडू नका, चुका टिपून ठेवा आणि शेवटी त्यातल्या दोनच सांगा: एक कर्माच्या जागेची, एक उच्चाराची.

महिन्याने पहिल्या तासाचं ध्वनिमुद्रण काढा आणि त्याच विषयावर, कालच्या दिवसावर, पुन्हा बोलायला सांगा. दोन्ही त्याला एकापाठोपाठ ऐकवा आणि जिथे जड एकशब्दी क्रियापद अजून आहे तिथे त्यालाच थांबवायला सांगा. बोलण्यात चालणारी जोडी माहीत असूनही त्याने ती टाळली असेल तर तिसऱ्या पायरीवर परत जा. ती माहीतच नसेल तर पुढच्या महिन्याच्या यादीत घाला.